सोळा डिसेंबरच्या पुढचा देश

आमच्या आदिलाबादच्या मराठी मंडळाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. कुणाचं पोरगं दहावी पास झालं, सत्कार. कुणी रिटायर झालं, सत्कार. कुणी नुसता पुण्याहून चार दिवस आला तरी त्याच्या खांद्यावर शाल पडते, हातात नारळ येतो आणि शेजारच्या निर्मल गावचं एखादं पेंटिंग, त्यातही हमखास तीच हरणं, त्याच्या गळ्यात मारलं जातं. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, त्यामुळे रिटायर झाल्यावर माझाही सत्कार झाला. माझी हरणं माळ्यावर आहेत.

बांगलादेशाला पन्नास वर्षं होणार होती, त्या सालची गोष्ट. मंडळाचे अध्यक्ष सुधाकरराव म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी बांधलेल्या एका कालव्यात अजून पाणी आलेलं नाही, पण त्यांच्या बोलण्याला मात्र बारमाही पूर असतो. मंडळाच्या जागेची फाइल कलेक्टर ऑफिसात पडून होती आणि तिथल्या कुणीतरी बोलता बोलता म्हटलं होतं की विजय दिवस जरा दणक्यात करा. एवढं पुरलं. एरवी ज्यांना बंगालचा नकाशा काढता आला नसता, ते सगळे एका आठवड्यात बंगालसाठी गहिवरायला लागले.

‘पद्मिनीताई,’ सुधाकरराव मला म्हणाले, ‘तुमी राज्यशास्त्राच्या. बांगलादेश कसा झाला, पाच मिनिटाची नोट लिहून द्या.’

मी लिहून दिली. देश कसा झाला ते लिहिलं आणि झाल्यावर काय झालं तेही लिहिलं. वर्षभरात केलेली राज्यघटना, तिच्यातले राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही, धर्मनिरपेक्षता हे चार मोठे शब्द, गल्लोगल्ली नाटकं, गाणी, नवी वर्तमानपत्रं. मग गोदामातून नाहीसा होणारा गहू, दुष्काळ, एकच पक्ष, चार सोडून बाकी सगळ्या दैनिकांना टाळं, आणि ज्याने देश केला त्याचाच त्याच्या घरात खून. चार वर्षांत एवढं सगळं.

सुधाकररावांनी पेन्सिल घेऊन अर्ध्याच्या खाली आडवी रेघ मारली. ‘हे सगळं काऊन? सोळा डिसेंबरच्या संध्याकाळी संपवा न. देश झाला, टाळ्या, राष्ट्रगीत, चहा.’

या लोकांच्या लेखी देश होणं म्हणजे लग्न लागणं. अंतरपाट पडला, अक्षता टाकल्या, पंगत उठली, आपण मोकळे. पुढे त्या घरात कोण कुणाला उपाशी ठेवतं, हे विचारणं पाहुण्यांचं काम नाही.

आता सत्कार करायचा तर माणूस हवा, आणि तो बंगाली हवा. बेज्जूरकडच्या जंगलात जुनी बंगाली वसाहत आहे, तिथला एक जण आमच्या गावात येऊन राहिलाय आणि रविवारच्या बाजारात मासे विकतो. त्याची म्हातारी आत्या त्याच्याकडेच राहते, हे सुधाकररावांना माहीत होतं. शुद्ध शाकाहारी माणसाला मासळीवाल्याच्या घरची एवढी माहिती कशी, हे मी विचारलं नाही.

आत्याचं नाव निभाराणी बिश्वास. तिच्याकडे गेला आलोक. हा बँकेत अधिकारी, मंडळाचा सूत्रसंचालक, आणि माइक हातात आला की स्वतःच्याच आवाजावर खूश होणारा गडी. त्याने विचारलं, आजी, तुमचे यजमान? ती म्हणाली, घेऊन गेले त्याईले, मंग आले नाही. आलोकच्या डोळ्यांत पाणीच आलं म्हणे. कोणी घेऊन गेले, हे विचारायचं त्या पाण्यात राहून गेलं. त्याच संध्याकाळी निमंत्रणपत्रिका तयार झाली: बांगलादेश मुक्तिसंग्रामातील वीरपत्नी श्रीमती निभाराणी बिश्वास यांचा हृद्य सत्कार. कलेक्टर ऑफिसला गेली, आमदारांना गेली, सुधाकररावांच्या नागपूरच्या मेव्हण्यांना गेली.

पत्रिका वाटून झाल्यावर जयवंताबाईंनी घोळ घातला. जयवंताबाई सुधाकररावांची बायको, आणि मंडळात स्टेजवरच्या बायकांना हळदीकुंकू लावायचा मान तिचा. तो तिने आजवर कुणाला दिलेला नाही. ती बाजारात म्हातारीला पाहून आली आणि बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तिच्या भांगात हा एवढा शेंदूर आहे. हातात पांढऱ्या शंखाच्या बांगड्या, सवाष्णीच्या. तुमी तर पत्रिकेत विधवा लिहून राह्यले. मंग मी तिले कुंकू लावू का नको, ते सांगा.’

पन्नास वर्षांपूर्वी एक देश जन्माला आला, लाखो लोक मेले, कोटभर लोक घरदार सोडून पळाले, आणि आमच्या कार्यकारिणीने त्यावर केलेली सगळ्यात लांब चर्चा ही: म्हातारीला कुंकू लावायचं की नाही. लावलं तर पत्रिका खोटी. न लावलं तर भांगातला शेंदूर कॅमेऱ्यात दिसणार. शेवटी अगदी इंजिनिअरला शोभेल असा तोडगा निघाला. तिने एक तासापुरत्या बांगड्या काढाव्यात, शेंदूर पुसावा, पांढरं लुगडं मंडळ देईल.

हे सांगायला आलोकला पाठवलं आणि बाई माणूस सोबत असावं म्हणून मला. मी गेले ते मदतीला नाही. माणसं किती खाली जातात ते डोळ्यांनी बघायला गेले.

निभाराणी ओट्यावर उन्हात बसली होती. डिसेंबरातल्या आमच्या थंडीत सगळं गाव सकाळी उन्हालाच असतं. तिने मला खाट दिली, आलोकला मोडकी खुर्ची. आलोकने घसा साफ करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘नाटक आहे का? माझं काम आहे त्याच्यात?’

‘नाही आजी, सत्कार आहे.’

‘मंग मी विधवेचं सोंग काऊन घेऊ? माझा मानूस मेला असं तुले कोनं सांगितलं?’

आलोकने माझ्याकडे पाहिलं.

मग मी विचारलं, जे त्याने विचारायला हवं होतं. ती सांगत गेली. इतकी वर्षं इथल्या बाजारात काढल्यामुळे तिची बोली आमच्यासारखीच झाली आहे, मध्येच एखादा बंगाली शब्द येतो तेवढाच.

एकाहत्तरला ती आणि तिचा नवरा दोघंही जिवंत, सीमेच्या अलीकडे छावणीत. देश झाल्यावर पौषात परत गेले, खुलन्याकडे शिमुलखाली नावाच्या गावात. घराचं छप्पर गेलेलं होतं, पण माणसं हसत होती. नवरा शाळामास्तर. दुकानांच्या पाट्या नव्याने बंगालीत रंगवायला मास्तरच लागायचे, म्हणून त्याचे हात वर्षभर रंगाने माखलेले. फेब्रुवारीत भाषेसाठी मेलेल्यांच्या दिवशी सगळं गाव पहाटे अनवाणी फुलं घेऊन निघायचं, पुढे हा पेटी वाजवत. ‘पोटात भात नसे,’ ती म्हणाली, ‘पन गाणं लई होतं.’

थंडीत जात्रा व्हायची, म्हणजे त्यांच्याकडचा नाटकाचा खेळ. त्यात विवेक नावाचं एक पात्र असतं. त्याचं कथेशी काही देणंघेणं नसतं. राजा खोटं वागला की हा मध्येच शिरतो, तोंडावर खरं काय ते गाऊन दाखवतो आणि निघून जातो, आणि राजाला ते ऐकून घ्यावं लागतं. मास्तर नेहमी विवेक व्हायचा. चौऱ्याहत्तरच्या दुष्काळात बाहेरदेशातून आलेली कांबळी गावात पोचलीच नाहीत. मदत समितीचा चेअरमन पुढच्या रांगेत बसला होता, आणि मास्तरने विवेक होऊन त्याला गाण्यात विचारलं, कांबळी कुठं गेली? लोक हसले. चेअरमनही हसला.

‘तोंडाचा रंग पुसायला पानी मागितलं त्याईनं,’ निभाराणी म्हणाली. ‘मी पानी आणलं तर जीप उभी. चेअरमनचा भाऊ होता बादल. लढाईत बंदूक घेतली, मंग ठेवलीच नाही त्यानं. आमच्याच घरी जेवलेला, त्याईच्याच शाळेत शिकलेला. बोलला, काकी, दोन गोष्टी विचारतो आन् सोडतो.’

आलोक म्हणाला, ‘म्हणजे... पाकिस्तानी नव्हते?’

‘आपलेच होते,’ ती म्हणाली.

तिने वाट पाहिली. मग घर गेलं, मग जमीन गेली, मग भावाच्या मागे ती इकडे जंगलात आली. नवरा मेला असं कुणी सांगितलं नाही, मेलेला कुणी पाहिला नाही, म्हणून बांगड्या हातात. सासूने सांगितलं होतं, खबर आल्याशिवाय काढायच्या नाहीत. खबर आली नाही.

मी म्हटलं, तुम्ही येऊ नका, या लोकांच्या नादी लागू नका. पण तिने आलोकला विचारलं, ‘मोबाइलवर दिसते म्हनलं होतं न तू? तिकडं, बांगलादेशात दिसन?’

‘लाइव्ह दिसेल आजी. जगात कुठंही.’

‘मंग येतो मी. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाही. माइकवर घेईन. नाव घेईन, गाव सांगीन, आन् विचारीन, कोनाले मालूम असन तर सांगा, जिता आहे का मेला. एवढंच पाह्यजे मले. शाल नको.’

आलोकने हो म्हटलं. त्याच्या ‘हो’ला किती अर्थ असतो, हे बँकेत कर्जाला गेलेल्या कुणालाही विचारा.

कार्यक्रम झाला. नाव ठेवलं होतं ‘सोनेरी पहाट’ आणि सुरू झाला संध्याकाळी, आमदारांची वाट बघून. निभाराणी शेंदूर आणि बांगड्यांसकट आली. सुधाकररावांनी तिला बसल्याबरोबर शाल घातली आणि ती अशी गुंडाळली की दोन्ही हात आत जावेत. जयवंताबाई करंडा घेऊन निघाली. आमदारांच्या बायकोला लावलं, मला लावलं, आणि निभाराणीपाशी आल्यावर तिला एकदम पदर सावरायचं सुचलं. पदर सावरत सावरत ती पुढच्या खुर्चीपर्यंत गेली. हे मी पाहिलं, निभाराणीनेही पाहिलं. तिच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही.

माझी अर्धी नोट आलोकने दुप्पट आवाजात वाचली. मग माइक तिच्यापुढे आला. ती उभी राहिली, शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि माइक धरला.

‘माझ्या मालकाचं नाव निरापद बिश्वास,’ ती म्हणाली. नाव घेताना थांबली, जड वस्तू उचलून ठेवल्यासारखी. ‘गाव शिमुलखाली, जिल्हा खुलना. मास्तर होते. त्याईले घेऊन गेले. चौऱ्याहत्तर साली, कार्तिकात. देश आमचा झाल्यावर. आमच्याच...’

सुधाकरराव उठले. एवढ्या चपळाईने ते कालव्याच्या कामावर कधी उठले असते तर त्या कोरड्या कालव्याखालच्या भीमपूरला दोन पिकं निघाली असती. ‘मातोश्रींना भावना अनावर झाल्या आहेत,’ असं म्हणत त्यांनी माइक ओढून घेतला, आलोकने मागे हात हलवला आणि स्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निभाराणीचे ओठ गाण्याखाली हलत राहिले. तिने प्रश्न पूर्ण विचारला, मी शेजारीच होते. पण तो माझ्यापलीकडे कुणाला गेला नाही. मग तिच्या हातात हरणं आली.

लाइव्ह वगैरे काही नव्हतंच. हॉलमध्ये रेंज नव्हती आणि हे आलोकला आधीपासून ठाऊक होतं. दोन दिवसांनी त्याने कापून कुपून यूट्यूबवर टाकलं. त्यात निभाराणी नवऱ्याचं नाव घेते, गाव सांगते, ‘घेऊन गेले’ म्हणते, आणि तिथेच गाणं सुरू होतं. खाली बंगालीत आणि इंग्रजीत पट्टी: १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने ठार मारलेल्या शिक्षकाची वीरपत्नी.

मी बँकेत जाऊन त्याच्या टेबलापुढे उभी राहिले. रांगेतली माणसं बघत होती, बघू देत. ‘आलोक, तिनं चौऱ्याहत्तर म्हटलं. तू एकाहत्तर लिहिलं. आपल्या मनानं माणूस मारतो का तू?’

‘मॅडम, दोन देशांचा विषय आहे. कॉन्ट्रोव्हर्सी होईल. आन् तसंबी त्याईचा नवरा गेला हे तर खरं आहे न? कोनं मारलं, काय फरक पडते?’

‘मग पूर्ण व्हिडिओ मला दे.’

‘डिलीट केला. मोबाइलमधी जागा नव्हती.’

मला त्या माणसाची किळस आली. नुसता खोटारडा असता तर चाललं असतं. हा खोटं बोलून वर डोळ्यांत पाणी आणणारा. सुधाकररावांना फोन केला तर ते म्हणाले, ताई, तुमाले प्रत्येक गोष्टीत राजकारण दिसते. मंडळाच्या जागेची फाइल एक टेबल पुढे सरकली होती.

पुढच्या आठवड्यात आलोकचाच फोन आला, आवाज फुललेला. ‘मॅडम, बांगलादेशातून कमेंट आली. त्याच गावातून. सुधाकरराव सर तर लई खूश आहेत. मी ट्रान्सलेट करून ग्रुपवर टाकून राह्यलो.’

त्याने टाकायच्या आत मी मोबाइल घेऊन निभाराणीकडे गेले. मास्तरची बायको, बंगाली वाचता येत होतं तिला. चष्मा लावून ती एक एक ओळ वाचत गेली आणि मला सांगत गेली. लिहिणारा शिमुलखालीतल्या शाळेतला कुणी तरुण शिक्षक होता. त्याने व्हिडिओ गावातल्या ज्येष्ठ मुक्तियोद्ध्याला दाखवला. ते फार रडले. निरापद मास्तर आपले गुरू होते, म्हणाले. एकाहत्तरच्या लढाईत सैन्याने त्यांना नदीच्या घाटावर, जुन्या सावरीच्या झाडाखाली गोळी घातली. त्या वेळी आपण तिथेच होतो, आपल्याच हाताने त्यांना अग्नी दिला. आता शाळेच्या स्मारकावर हुतात्म्यांत मास्तरांचं नाव कोरणार आहोत. काकींना प्रणाम सांगा. खाली त्या ज्येष्ठ योद्ध्याने स्वतःही फुलांचं चित्र टाकलं होतं. त्याचं नाव बादल.

मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा वाचत होती.

‘एकाहत्तरला मास्तर माझ्याजवळ छावणीत होते,’ ती म्हणाली. ‘अख्ख्या गावानं त्याईले त्याच्यानंतर तीन वर्षं गाताना पाह्यलं. हे बादललेबी मालूम आहे.’

‘खोटं लिहिलंय त्यानं, निभाबाई. सगळं खोटं. आमच्या लोकांनी त्याला आयतं खोटं पुरवलं, त्यानं उचललं.’

‘सगळं नाही,’ ती म्हणाली. ‘साल खोटं आहे. साल त्याले तुमच्या आलोकनं देल्लं. घाट कोनं देल्ला? सावरीचं झाड कोनं देल्लं?’

मी चाळीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि हे मला दिसलं नव्हतं.

तिने मोबाइल मागून घेतला. बंगाली अक्षरं कुठे येतात ते मी काढून दिलं. तिने एका बोटाने, मध्ये मध्ये पुसत, एकच ओळ लिहिली आणि मला सांगितलं काय लिहिलं ते. ‘बादल, काकी बोलते. खरंच अग्नी दिलास का, का तसंच पाण्यात सोडलंस?’

आम्ही तिथेच बसून राहिलो. भाच्याने चहा आणून दिला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मी मध्येच व्हिडिओ उघडून पाहिला तर तिची ओळ होती आणि फुलांचं चित्र गेलेलं होतं. थोड्या वेळाने पाहिलं तर शिक्षकाचीही कमेंट गेलेली. घाट, सावर, स्मारक, प्रणाम, सगळं गेलं आणि खाली तिची एकटीची ओळ राहिली.

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने पाहिलं.

‘नाही देल्ला,’ ती म्हणाली.

तेवढ्यात सुधाकररावांचा फोन आला. मी उचलला नाही तर मेसेज आला की हुतात्मा स्मारकाच्या निमित्ताने मातोश्रींचा आणखी एक कार्यक्रम घेऊ, या वेळी मोठा हॉल बघू. मी तो वाचून दाखवला नाही. निभाराणीने भाच्याला बादलीभर पाणी आणायला सांगितलं, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि बांगड्या सोडवायला लागली. हाडं मोठी झाली होती, निघेनात. तिने हात माझ्यापुढे केला.

‘ओढा तुमी,’ ती म्हणाली. ‘मले जोर नाही राह्यला.’

मी ओढल्या.